इल्पो, केबल सापडत नाही

कोइवुलाहती, फिनलंड, ९ ऑक्टोबर

प्रिय इल्पो,

धाकट्या भावाला पत्राच्या आरंभी आशीर्वाद द्यावेत एवढी मी मोठी नक्कीच आहे. पण या घरात आत्ता चौदा अंश तापमान आहे, आणि चौदा अंशांत माझ्या तोंडून आशीर्वाद निघत नाहीत. ते मागाहून.

कागदावर लिहिते आहे याचे नवल करू नकोस. तुझा फोन बंद, मेल पाठवला की पोरका होऊन परत येतो. पोस्टातल्या बाईने फेरो बेटांच्या नकाशावर बोट ठेवून सांगितले की तुझ्या बेटावर टपाल बोटीने जाते, तेही समुद्राची मर्जी असेल तेव्हा. म्हणजे ज्याने उभ्या घराला लिनक्स पाजले, नको म्हणणाऱ्याला अडाणी ठरवले, तो आज संगणकावाचून मेंढ्या राखतो. साऱ्या गावाला दारूची सवय लावून गुत्तेवाल्याने तीर्थयात्रेला निघावे, तसे हे झाले.

मुद्द्याचे सांगते. घर गरम करणारा बॉयलर पेटत नाही.

तुझी करणी तुला ठाऊक आहे, तरी उजळणी करते. संस्कृतच्या विद्यार्थ्यांकडून करून घेते तशी. आईला दिसत नव्हते, म्हणून बॉयलरवरचा कंपनीचा छोटा पडदा तू उचकटून फेकलास आणि त्या जागी सर्किटची एक हिरवी पट्टी बसवलीस. तिला ना बटण, ना दिवा. आहे ती एक केबल, भिंतीतून येऊन स्वयंपाकघराशेजारच्या संगणकाला लागणारी. आई तिथे बसे. कीबोर्डखाली तिचे ब्रेलचे यंत्र, बॉयलर काय म्हणतो ते त्याच्यावर टिंबांत उठे, आई बोटे फिरवी आणि आतून ओरडे, "ताइस्तो, गोळ्या संपत आल्यात, ऊठ!" की डोळे असलेला नवरा मुकाट्याने उठून भुशाच्या गोळ्यांची पोती ओढायला जाई. या घराचा विस्तव एक आंधळी बाई सांभाळत होती. आपण डोळस नुसते शेकत होतो.

आई वसंतात गेली. उन्हाळ्यात बॉयलर कोणाला लागतो? आता बाबांनी मुख्य बटण दाबले, तर पट्टी उन्हाळ्यातच अडकून बसली आहे. हिवाळा आला, हे तिला संगणकावरूनच कळवावे लागते, आणि संगणक म्हणतो: यंत्र सापडले नाही.

केबल मी काढली, फुंकली, पुन्हा लावली. पुढच्या खाचेत, मागच्या खाचांत, सगळीकडे. मग संगणकाचे खोके उघडले. आत उंदराने संसार मांडला होता: लोकर, सूर्यफुलाची टरफले आणि तुझ्या जुन्या मोज्याची टाच. पंख्याच्या पात्यांवर काजळी आणि केस यांचे जे चिकट लोणचे मुरले होते, त्याला संस्कृतात शब्द नाही. ज्या भाषेने कमळाला इतकी नावे दिली, तिने इथे पाळलेले मौन मला प्रथमच शहाणपणाचे वाटले. बाहेर जाऊन हात घासून धुतले, आणि त्या दुपारी जेवले नाही.

जोडलेल्या साऱ्या वस्तूंची यादी दाखवणारी ती आज्ञा, तू मला शिकवलेली, ती टाइप केली. यादीत केबल आहे! म्हणजे अंगणात पाहुणा उभा दिसतो. पण घरात पाऊल टाकत नाही. बॉयलरचा तुझा प्रोग्रॅम ज्या नावाने त्याला हाक मारतो, ते नाव कुठेच उमटत नाही. आमच्या मीमांसकांनी 'नसणे' कसे कळते यावर पिढ्यान् पिढ्या भांडणे केली. जमिनीवर घडा नाही, हे डोळ्यांना कळते की घडा न दिसल्याने कळते? पण घडा यादीत आहे, दारात आहे आणि तरीही नाही, अशा घड्याचे काय करावे, हे एकालाही सुचले नाही. बिचाऱ्यांकडे संगणक नव्हता. सुखी होते.

कंपनीचा माणूस येऊन गेला. हिरव्या पट्टीकडे पाहून म्हणाला, "हा आता आमचा बॉयलर राहिलेला नाही." नवा पडदा नाताळानंतर. विजेची शेगडी लावली की फ्यूज उडतो, आणि बाबा खूश होतात. तुझा प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर चढवायला गेले, तर विद्यापीठ मला त्यावर गजराचे घड्याळसुद्धा ठेवू देत नाही.

आता बाबा. बाबा अंगणातल्या सॉनाघरात राहायला गेले आहेत. वाफेच्या स्नानासाठी का होईना, तिथे लाकडाची चूल आहे ना. बाकावर उशी, रेडिओ, कॉफीची किटली, असा थाट. काल घरसेवेतली परिचारिका योन्ना रक्तदाब पाहायला आली. घरभर हाका मारत हिंडली, आणि शेवटी म्हातारा सॉनात लोकरी टोपी घालून बटाटे सोलताना सापडला.

"ताइस्तो, तुम्ही इथं झोपता?"

"जन्मलोही इथंच," बाबा म्हणाले. "तेव्हा कुणाची तक्रार नव्हती."

योन्ना हसली, पण घरातला तापमापक पाहिल्यावाचून राहिली नाही. दाराशी मला म्हणाली, "मार्केत्ता, नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीला मी येईन. तोवर घर वीस अंशांवर नसेल, तर मला वर कळवावंच लागेल. वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे. हिवाळ्यापुरती."

पलीकडचा आर्मास असाच हिवाळ्यापुरता गेला होता. त्याच्या पायरीतून आता बर्चची रोपे उगवली आहेत. बाबा ती रोज पाहतात.

तेव्हा केबल का सापडत नाही, ते लिही. ब्रेलच्या यंत्राचे म्हणशील, तर ते इस्पितळाचे होते आणि परत गेले. दफनाच्या आठवड्यात ती रिकामी जागा पाहून तू मला म्हणालास, "आईची बोटं परत देऊन टाकलीस." मी उत्तर दिले नव्हते. आताही देत नाही. मला फक्त बॉयलर हवा आहे.

मार्केत्ता


कोइवुलाहती, १९ ऑक्टोबर

इल्पो,

उत्तर नाही. समुद्राची मर्जी नसेल, किंवा तुझी. दोघांचाही स्वभाव सारखाच खारट.

मधल्या काळात मी तुझ्या जातभाईंत जाऊन आले. लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर आपला प्रश्न टाकला. पहिल्याने लिहिले, हे इथे आधी विचारून झाले आहे. दुसऱ्याने त्या जुन्या चर्चेचा दुवा दिला. तिथे कोण्या सज्जनाने हुबेहूब माझेच दुःख मांडले होते, वाचून मला गहिवरून आले; आणि खाली त्यानेच लिहिले होते, "सुटलं. आभार." कसे सुटले ते नाही. आमचे टीकाकार खरोखर अवघड श्लोक आला की 'स्पष्टम्' एवढेच लिहून पुढे सरकतात, त्यांचाच हा वंशज. तिसऱ्याने विचारले, आवृत्ती कोणती? चौथ्याने ती आवृत्ती वापरणाऱ्यांच्या अकलेविषयी मत दिले. मग तिसरा आणि चौथा एकमेकांच्या उरावर बसले, आणि माझी केबल दोघांच्या पायांखाली गेली. आयुष्यभर पंडितांत वावरले, तेव्हा पांडित्याचा हा वास मला ओळखीचा आहे. पण आमच्याकडे निदान भांडणारे मेलेले असतात.

मग तालुक्याच्या लिनक्स मंडळाचे अध्यक्ष रायमो स्वतः आले. तुला ओळखतात. "इल्पो हुशार होता," म्हणाले, भूतकाळात. बुटांसकट आत येणार होते, बाबांनी नुसते बुटांकडे पाहिले. मग टेबलाशी बसून त्यांनी मासे भरलेला राय-पाव अर्धा संपवला, गोड पाव कॉफीत बुडवून बुडवून खाल्ला, बोटे एकेक करून चाटली आणि त्याच बोटांनी आईच्या कीबोर्डवर टाइप करायला लागले. मी खिडकीबाहेर तळ्याकडे पाहत राहिले. तळ्यावर काहीच नव्हते, पण कीबोर्डवर जे चालले होते त्याहून ते बरे होते.

"प्राध्यापकबाई, केबल मेली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"यादीत दिसते आहे ती."

"मेलेले पण यादीत दिसतात."

त्यांनी थैलीतून नवी केबल काढून लावली. तेच. यंत्र सापडले नाही.

"ही पण मेली," रायमो म्हणाले.

बाबा दाराला टेकून उभे होते. "तुझ्या हातात कसली रोगाची साथ आहे का?" त्यांनी विचारले.

रायमो रागावले नाहीत, त्यांना ऐकूच आले नसावे. असली माणसे फक्त पंख्याचा आवाज ऐकतात. "आपण संगणकाचा गाभाच बदलून टाकू," म्हणाले, आणि मी 'थांबा' म्हणेपर्यंत बदलला. पडदा काळा झाला. काळाच राहिला.

"पूर्वी नुसती थंडी होती," बाबा म्हणाले. "आता अंधारही आहे. प्रगती आहे."

तिन्हीसांजेला रायमोंनी पडदा परत आणला, म्हणजे जिथून निघालो होतो तिथे आम्हाला पोचवले, आणि उपकार केल्याच्या थाटात उरलेला पाव कागदात बांधून मागितला. दिला. त्यांनी चाटलेल्या बोटांनी स्पर्श केलेला पाव या घरात खाणार कोण?

कीबोर्ड मी स्पिरिटने पुसला. आईने 'एफ' आणि 'जे' या कळांवर खूण म्हणून लावलेले नखपॉलिशचे थेंब त्यात निघून जातील की काय, अशी भीती वाटली. निघाले नाहीत. आईचे हे काम रायमोंच्या कामापेक्षा पक्के.

वृद्धाश्रमाची पुस्तिका आली आहे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर चार म्हातारे फुगा धरून हसताहेत, सगळ्यांच्या कवळ्या एकाच पांढऱ्या रंगाच्या. आत लिहिले आहे: सॉना दर गुरुवारी, गटाने. बाबांनी ते एक वाक्य शांतपणे वाचले, पुस्तिका काखेत मारली आणि सॉनाघरात गेले. थोड्या वेळाने धुराड्यातून रंगीत धूर आला.

ते बोलत नाहीत, तू ओळखतोस त्यांना. पण काल आर्मासच्या पायरीतली रोपे उपटून आले. का, म्हणून विचारले तर म्हणाले, "तो परत आला तर पाय अडकेल."

तू एक ओळ लिहू शकत नाहीस का?

मार्केत्ता


कोइवुलाहती, २८ ऑक्टोबर

इल्पो,

तुझे कार्ड मिळाले. पुढे मेंढी. मागे दोन शब्द: "लॉग वाच."

एवढा समुद्र ओलांडून, बोट, विमान आणि सायकलवरचा पोस्टमन यांना राबवून तू मला हे कळवलेस. मी ते कार्ड फाडले. मग तुकडे जुळवून मेंढीचा चेहरा पुन्हा पाहिला. तुझ्यापेक्षा ती जास्त दिलगीर दिसत होती.

आणि मग मी लॉग वाचला. वाचणारच होते, तुझ्या सांगण्यावरून नव्हे.

आत काय काय झाले, ते संगणक स्वतःशी पुटपुटत लिहून ठेवतो. व्याकरण शून्य, स्वरांची चणचण, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा राग काढणारी. पण मी याहून वाईट पोथ्या वाचल्या आहेत, ज्यांची अर्धी पाने वाळवीने खाल्ली होती आणि उरलेली लेखनिकाने. पोथी वाचायची रीत एकच: जिथे अडते तिथली ओळ नव्हे, तिच्या अलीकडची ओळ पाहायची. तर मी केबल काढून पुन्हा लावली आणि सावकाश वाचले. तुला शब्दशः अनुवाद देत नाही, भावार्थ देते:

केबल लागली. केबल ओळखली, तिला नाव दिले. कोणीतरी केबल मागितली. केबल सुटली.

मी तिला हात लावला नव्हता. उंदीर तर मी केव्हाच हाकलले होते. मग मागणारा कोण? अलीकडची ओळ पाहिली. तिथे त्याचे नाव होते, आणि ते नाव मी ओळखले, कारण आई रोज सकाळी संगणक सुरू करताना कान देऊन त्याची वाट पाहायची. तिचा ब्रेलचा प्रोग्रॅम.

तूच बसवला होतास ना? आईला पडद्यावरचे 'चालेल का?' दिसणार नव्हते, म्हणून तो विचारत नाही. यंत्र लागले की झडप घालून घेतो, आईच्या हाती देतो. आईचे ब्रेलयंत्र होते तोवर तो त्याला धरून निमूट बसायचा. बॉयलरच्या केबलीकडे ढुंकूनही पाहत नव्हता. यंत्र गेले. तेव्हापासून तो मोकळ्या हातांनी दाराशी बसून आहे. आणि केबलच्या टोकातली चिप नेमकी आईच्या यंत्रातल्या चिपच्या जातीची, स्वस्तातली, अर्ध्या जगात असते तसली. केबल आत आली रे आली की हा म्हणतो, 'सोऽयं देवदत्तः', अरे, हा तर तोच आपला देवदत्त! आणि ओढून घेतो. बॉयलर बिचारा बाहेर. वर ब्रेलच्या भाषेत केबलीशी बोलू लागतो, ती काय उत्तर देणार? आम्ही दोरीला साप समजणाऱ्याची गोष्ट सांगतो, पण तो निदान पळतो. हा गळ्यात पडतो.

म्हणजे रायमोंच्या दोन्ही केबली जिवंत होत्या. मेलेले कोणी नव्हते, असे म्हणणार होते; ते वाक्य सोडून देते.

आणि म्हणजे तुझे दोन शब्द बरोबर होते. याची मला जितकी शिसारी आली, तितकी उंदराच्या घरट्याचीही आली नव्हती.

उपाय सोपा. एका ओळीत तो प्रोग्रॅम उपटून टाकायचा. आई नाही, यंत्र नाही, मग दारावर बसलेला हा भालदार कशाला? मी आज्ञा टाइप केली. बाबा कॉफी घ्यायला आत आले होते, त्यांना सगळे सांगितले, साध्या शब्दांत. ते उभ्या उभ्या ऐकत होते.

"म्हणजे ते तिची वाट बघतंय," ते म्हणाले.

"ते काही बघत नाही. तो एक प्रोग्रॅम आहे, बाबा. यंत्र शोधतो."

"कधीपासून?"

"यंत्र गेल्यापासून."

बाबांनी कप ठेवला. त्यात कॉफी होती, आणि कॉफी ठेवून उठलेले बाबा मी कधी पाहिले नाहीत.

"आता काय करतेस?"

"काढून टाकते त्याला. मग बॉयलर पेटेल."

"नको काढू."

"बाबा, योन्ना येणार आहे. नोव्हेंबर आलाच. त्या प्रोग्रॅमला आई माहीतसुद्धा नाही."

"त्याला नाही. मला आहे."

"मग जा वृद्धाश्रमात, गुरुवारी सॉना, गटाने!" मी ओरडले. ओरडायला नको होते, पण या असल्या हळवेपणाची मला मनापासून चीड आहे. तू बेटावर जाऊन मेंढ्यांत बसणार, बाबा संगणकातल्या भुताची कीव करणार, आणि घर गरम कोणी करायचे तर मार्केत्ताने. आईला हे पाहून हसू आले असते. ती बाई थंडीपुढे कोणाचा मुलाहिजा ठेवत नसे. तुला लहानपणी तापात असतानाही लाकडे आणायला पाठवले होते तिने.

बाबा बाहेर गेले आणि लाकडे फोडू लागले. सॉनामागे तीन हिवाळ्यांची लाकडे रचून ठेवली आहेत. तरी फोडत होते.

माझे बोट एंटरवर होते. दाबले नाही. का, ते मला विचारू नकोस. टाइप केलेली ओळ पुसली, आणि आता तुझ्यावर चिडत बसले आहे, कारण दुसरे कोणी हाताशी नाही.

मार्केत्ता


कोइवुलाहती, ४ नोव्हेंबर

प्रिय इल्पो,

यावेळी 'प्रिय' लिहिले आहे हे ध्यानात घे.

कोणालाही न काढता झाले. माझेच शास्त्र कामी आले, हे सांगताना मला लाज वाटायला हवी, वाटत नाही. नियम सर्वांना लागू असतो, आणि जिथे त्याचे जमत नाही तिथे नियम मोडायचा नसतो, अपवाद सांगायचा असतो. अपवाद बलवान, नियम जिथल्या तिथे. पोरांकडून हे वर्षानुवर्षे घोकून घेते आणि स्वतः मात्र मुळावरच कुऱ्हाड घालायला निघाले होते.

कोणती वस्तू आली की काय करायचे, याचे नियम तुझा संगणक साध्या मजकुरात ठेवतो. चिपच्या जातीवरून केबल बंद करायची, तर आईचे यंत्रही उद्या ओळखले जाणार नाही, जात एकच. म्हणून जातीवर नाही, जागेवर अपवाद लिहिला. मागच्या बाजूची सर्वांत डावी खाच: इथे जे लागेल ते बॉयलरचे, ब्रेलने हात लावू नये. बाकी सगळ्या खाचा आईच्या. पहिल्यांदा लिहिले तेव्हा एक स्वल्पविराम गाळला आणि कीबोर्डच झोपी गेला. दुसऱ्यांदा संगणकाने मला ज्या भाषेत झिडकारले, तसे मला माझ्या प्रबंधाच्या परीक्षकानेही झिडकारले नव्हते. तिसऱ्यांदा केबल लावली आणि लॉग पाहिला.

केबल लागली. केबल ओळखली. तिला नाव दिले.

आणि पुढे काही नाही. कोणी मागितली नाही, कोणी सोडली नाही. इतकी सुंदर रिकामी ओळ मी आजवर कुठल्या पोथीत पाहिली नव्हती. हिवाळा, अशी आज्ञा दिली. भिंतीपलीकडे काहीतरी खाकरले, मग गोळ्यांचा खडखडाट, मग पंखा. तुझ्या पट्टीने पहिला शब्द उच्चारला: पेटवत आहे.

बाबांना हाक मारली. ते टोपी घालून आले, पडद्याकडे पाहिले, मग संगणकामागे वाकले.

"कुठली?"

"ही. डावीकडची. ही बॉयलरची."

"आणि या?"

"या आईच्या."

त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली, डाव्या खाचेवर लाल तुकडा लावला, अंगठ्याने दाबून बसवला. मग खुर्चीवर बसले, आईच्या. मला वाटले, आता कॉफी मागतील.

"ते यंत्र मी नेलं," ते म्हणाले.

"मला माहीत आहे, बाबा."

"इल्पोला माहीत नाही."

"नाही. तुम्ही सांगू नको म्हणालात."

त्यांनी कीबोर्डखालच्या रिकाम्या फळीवरून हात फिरवला. मग एका दमात बोलले. बाबा एका दमात एवढे बोललेले मी ऐकले नव्हते, तूही ऐकले नसशील, म्हणून जसेच्या तसे लिहिते.

"ती गेली तरी ते चालूच होतं. बॉयलर निवायला लागला की टिंबं वर यायची. कुणी बसलेलं नसायचं, तरी यायची, खाली जायची, परत यायची. मी जेवायचो आणि शेजारी ते टिकटिक करायचं. एकदा मी बोट ठेवून बघितलं. काही कळलं नाही. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसलो, एक अक्षर शिकलो नाही मी. मग पिशवीत घातलं आणि बसने कुओपियोच्या इस्पितळात नेऊन दिलं. तिथली बाई म्हणाली, एक मुलगी वाट बघतेय याची. म्हटलं, बरं झालं. आणि घरी आलो तर इल्पो तुझ्यावर ओरडत होता. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो."

मोठ्या बहिणीला बोलणी खायची सवय असते, त्यात विशेष काही नाही. बाबांना मात्र मी एवढेच विचारले, की निदान पिशवी धड होती का? तर म्हणाले, मासळीची होती. म्हणजे आईचे यंत्र मासळीच्या पिशवीतून इस्पितळात गेले. ती मुलगी आज काय काय वाचत असेल देव जाणे, पण सुरुवातीला तिला सगळे खारवलेल्या माशांसारखे वाटले असणार. मला हसू आवरेना. बाबाही हसले, मग डोळे पुसले, मग घरात फार गरम होते म्हणून कुरकुरले. तुझ्या बॉयलरने तेव्हा घर नुकते सोळा अंशांवर आणले होते.

काल योन्ना आली. तापमापक पाहिला, बावीस. सॉनाघरात डोकावली, उशी नव्हती, किटली नव्हती. स्वयंपाकघरात येऊन कॉफी प्यायली.

"कुणी दुरुस्त केलं?"

"माझ्या मुलांनी," बाबा म्हणाले.

अनेकवचन मी ऐकले. तूही ऐक.

वृद्धाश्रमाचे नाव निघाले नाही. जाताना योन्ना मला म्हणाली, वसंतापर्यंत तरी मी काही लिहिणार नाही. बाबांना ते दाराआडून ऐकू आले, आणि ते लगेच गोळ्यांची पोती रचायला गेले, जणू आई आतून ओरडली असावी.

तो भालदार अजून बसला आहे. संगणक सुरू झाला की तो उठतो, आईच्या खाचा एकेक पाहतो, कोणी आले नाही असे लॉगमध्ये लिहितो आणि वाट पाहत बसतो. मला ते अजूनही मूर्खपणाचे वाटते. मी त्याला हात लावत नाही.

मी सोमवारी हेलसिंकीला जाते. पोरे निबंध घेऊन बसली आहेत. आज बाबांना सांगितले, इल्पोला पत्र टाकते आहे, खाली काही लिहायचे तर लिहा. त्यांनी पेन घेतले आणि अख्खी किटली संपेपर्यंत लिहीत होते. त्यांनी लिहिले ते तेवढेच आहे, त्यात आणखी काही शोधू नकोस. आपल्या घराण्याच्या मानाने हे महाकाव्य आहे. पहिल्या पत्रात मी आशीर्वाद मागाहून देईन म्हणाले होते, ते आता देते. घे.

मार्केत्ता

इल्पो. यंत्र मी परत केले, मार्केत्ताने नाही. घर गरम आहे.
बाबा